योगिनी सिस्टरांची पुडी

योगिनी सिस्टर इंदिरानगरात राहतात आणि एकोणीस वर्षं एकच काम करतात. तळहातावर मावणाऱ्या बाळांना वाढवायचं. वजन घेताना त्या एका हातानं बाळाला लावलेल्या वायरी उचलून धरतात, त्यांचा भार काट्यावर येऊ देत नाहीत. दहा ग्रॅम वाढले की बाळाला "शाब्बास, पैलवान" म्हणतात. घटले, तर काहीच म्हणत नाहीत.

मार्चमध्ये रुग्णालयातल्या त्यांच्या कक्षात निफाडच्या वेदिकाची मुलगी आली. सव्विसाव्या आठवड्यात जन्मलेली, सातशे ऐंशी ग्रॅम. तिला दूध ओढता येत नव्हतं. वेदिका पंपानं दूध काढून द्यायची, ते नळीनं पोटात जायचं. तीन आठवड्यांनी वजन आठशे साठ झालं आणि डॉक्टरांनी पावडर सुरू केली. पंचवीस मिली दुधात एक पुडी. तिच्यात प्रथिनं, कॅल्शियम, फॉस्फरस. पोटातले शेवटचे तीन महिने हुकलेल्या बाळाला एवढं सगळं नुसत्या दुधातून मिळत नाही.

दोनच दिवसांत वेदिकाचं दूध आटलं. एका वेळी तीस मिली यायचं, ते बारावर आलं. त्या दिवशीची तूट इतर आयांचं दूध साठवणाऱ्या दूधपेढीनं भरून काढली. पण रोज तिथं दूध मिळेलच असं नव्हतं, आणि या बाळाला आईच्याच दुधाची गरज होती. योगिनीनं वेदिकाला कारण विचारलं. उत्तर दिलं ते तिच्या सासूबाईंनी, कुसाबाईंनी.

"काचेतून म्या पाह्यलं. तुमी दुधात पावडर टाकली. डेअरीत फॅट लागली नाय का समजायचं, दूध पातळ हाय. तेच हिला सांगितलं. आता पावडरीवरच होऊ द्या. पोरीला कशाला दमवायचं?"

योगिनीनं हातातली पुडी खिशात ठेवली. "आजी, बाग किती?"

"दोन एकर. द्राक्षं."

"ड्रिपमधून खत सोडता?"

"सोडतोच की."

"म्हणजे तुमच्या विहिरीचं पाणी खराब आहे."

"नीट बोला, सिस्टर. आख्ख्या शिवारात तसं पाणी नाय. पर माल धरला का झाडाला जास्तीचं लागतं."

"आणि पाणी बंद करून नुसतं खत टाकलं तर?"

"झाड जळंल की," कुसाबाई बोलून गेल्या. मग सुनेला म्हणाल्या, "ऊठ गं. कुठं ठेवलाय तुझा पंप?"

त्या दुपारपासून त्या पंपाच्या खोलीत वेदिकाशेजारी बसू लागल्या. भावकीतल्या भानगडी सांगून सुनेला हसवत. पहिल्या दिवशी चौदा मिली आलं, तिसऱ्या दिवशी बावीस, आठवड्यानं चौतीस.

पुडी सुरू झाल्याच्या बाराव्या सकाळी काट्यावर एक हजार चार आलं. योगिनीनं वजन दोनदा घेतलं. किलो ओलांडणाऱ्या बाळाला या कक्षात पिवळी लोकरीची टोपी मिळते. ती तिनं बाळाच्या डोक्यावर घातली आणि त्याला काचेजवळ आणलं.

"वरचे चार ग्रॅम टोपीचे तर नाय ना?" कुसाबाईंनी बाहेरून विचारलं.

"टोपी नंतर घातली, आजी."

वेदिका हसली. मग घड्याळ बघून पंपाच्या खोलीकडे निघाली. पुढच्या दुधाला वीस मिनिटं होती.