पावणेआठची पायरी

कऱ्हाडच्या एसटी स्टँडवर आप्पांनी सगळ्यांसमोर माझी ट्रंक मोजली. आप्पा म्हणजे माझे वडील. लाकडाच्या वखारीत कापायची मापं तेच द्यायचे. खिशातून घडीची फूटपट्टी काढली, लांबी घेतली, उंची घेतली आणि म्हणाले, "सीटखाली जाईल." आई रडत होती. मी रडले नाही, कारण गाडी सुटायला आली होती आणि पाण्याचा तांब्या सापडत नव्हता. गाडी हलली तेव्हा आप्पा एवढंच बोलले, "माप चुकलं तर लाकडाला बोल लावू नये." हे काय निरोपाचं बोलणं, असं मला वाटलं. साल चौऱ्याऐंशी, मी इंग्लंडला निघाले होते.

कमल, तू माझी धाकटी बहीण. दर पत्रात विचारतेस, अक्का, तुम्ही परत का आला नाहीत. एकदा यायची वेळ आली होती. ते सांगते.

ह्यांना तिथे स्लाऊ गावात जिने बनवणाऱ्या एका वर्कशॉपात ड्राफ्ट्समनचं काम होतं. नऊ वर्षं ह्यांनी बोर्डावर पेन्सिलीने जिने काढले. मग कम्प्युटर आला. हे तेव्हा बावन्न वर्षांचे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला तो जमला नाही, त्याला रिडंडन्सी, म्हणजे हातावर थोडे पैसे ठेवून, घरी पाठवलं. ह्यांना मॅनेजरने सांगितलं, एक जिना पूर्ण कम्प्युटरवर काढून दाखवा, मग बघू. हे घरी येऊन म्हणाले, "नोकरी गेली तर गावी जाऊ." मला जायचं नव्हतं. गावी मी चौथी पास, कुणाची तरी सून. इथे मी लोकांचे पडदे शिवत होते, मापं घ्यायला बसने एकटी फिरत होते.

तो जिना पिनरच्या एका म्हाताऱ्या बाईचा होता. वर्कशॉपात सगळं मिलिमीटरमध्ये चालायचं, पण बाईला ते कळत नव्हतं, तिला इंच हवे होते. फोरमन रॉनही जुना माणूस, तो खूशच झाला. ह्यांनी कम्प्युटरवर इंच निवडले, कागद छापले आणि शुक्रवारी रॉनला दिले. सोमवारी साडेसातला करवत सुरू होणार होती.

रविवारी दुपारी मला कापड पसरायला टेबल हवं होतं, म्हणून मी ह्यांचा कागद उचलला. तेरा पायऱ्या, प्रत्येकीची उंची आठ इंच. कडेला जिन्याची एकूण उंची, एकशे एक.

"अहो, तेरा आठे एकशे चार. इथे एकशे एक का?"

"कम्प्युटर मोजतो ते. तू तुझे पडदे बघ."

"मग तीन इंच कुठे गेले?"

"तुला ड्रॉइंगमधलं काय कळतं?"

"ड्रॉइंगमधलं नाही कळत. पाढे कळतात."

मास्तरांनी छडी घेऊन पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेतली होती, ती गेली नव्हती. पायरी सातची धरली तर तेरा साते एक्क्याण्णव. दहा कमी पडतात. तेरा पाऊण पावणेदहा, जवळजवळ तेवढेच. "पायरी पावणेआठची आहे," मी म्हणाले.

ह्यांचा चेहरा उतरला. "मी पावणेआठच घातले होते."

इंच निवडताना खाली आणखी एक ओळ होती, आकडा किती बारीक दाखवायचा याची. ती ह्यांनी पाहिलीच नाही. आत पावणेआठ बरोबर होते, पण कम्प्युटरने कागदावर पुरे आठ दाखवले आणि शंभर आणि पाऊणचे एकशे एक केले. रॉन कापणार कागद बघून.

रॉनच्या घरी चार वेळा फोन केला. कुणी उचलला नाही. हे म्हणाले, "जाऊ दे. सांगितलं की माझं संपलंच."

"नाही सांगितलं तर आधी लाकूड संपेल, मग तुम्ही."

सोमवारी पहिल्या बसने दोघं निघालो. मी गेले, कारण हे गेटवरून परत फिरतील अशी मला खात्री होती. बसला उशीर झाला. गेटपाशीच करवतीचा आवाज आला आणि हे थांबले. मी पाठीला हात लावून ढकललं.

दोन फळ्या कापून झाल्या होत्या. रॉनने करवत बंद केली. "मॉर्निंग, मिस्टर के. मिसेसला पण कामावर आणलंत?"

हे म्हणाले, "रॉन, सम प्रॉब्लेम इन द कम्प्युटर..."

"नो कम्प्युटर," मी म्हणाले. "हिज मिस्टेक. नॉट एट. सेव्हन अँड थ्री क्वार्टर."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मी अजून विसरले नाही. रॉनने कागद पाहिला, ओठ हलवत बेरीज केली. "हू स्पॉटेड इट?"

हे म्हणाले, "माय वाइफ."

"टू बिग, आय कॅन ट्रिम," रॉन म्हणाला. शिवणाऱ्या बाईला हे सांगायला नको होतं.

मॅनेजर आल्यावर ह्यांनी चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली. तो म्हणाला, दहाच्या आत दुरुस्त करून द्या. हे स्क्रीनसमोर बसले, मी मागे उभी. ती खालची ओळ बदलली तसे आठचे पावणेआठ झाले. जिना जागचा हलला नाही.

नोकरी राहिली. आठ दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी नवं ड्रॉइंग टेबलावर ठेवून म्हणाले, "जरा बेरीज बघतेस?" मग रिटायर होईपर्यंत प्रत्येक जिना आधी माझ्या टेबलावर आला.

कमल, आप्पांनी आपल्याला वखारीत कधी पाऊल ठेवू दिलं नाही. बायकांचं तिथे काय काम, म्हणायचे. घर कऱ्हाडलाच आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिथे मला कुणी माप विचारलं नसतं. म्हणून नाही आले.