राज्यकर्त्यांसाठी आमेन

आमच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते. पाऊस असो, निवडणूक असो, पाळकसाहेब ती कधी गाळत नाहीत. आणीबाणीत मात्र त्या प्रार्थनेनंतर माझ्या तोंडून आमेन निघायचं बंद झालं. माझे यजमान शाळेत शिकवत. जयसिंगपूरच्या बाजारात चारचौघांत ते सरकारविरुद्ध बोलले आणि आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं त्यांचं नाव पोलिसांना दिलं. हे सरळ कळंब्याच्या तुरुंगात. कधी सुटणार, कुणी सांगेना. प्रार्थनेच्या वेळी मी डोळे मिटून गप्प बसायची. देवाला सगळं कळतं, तर माझ्याकडून कशाला वदवून घेतोय, असा माझा सवाल होता. स्वभावच तसा, तोंडदेखलं काही जमत नाही.

मी कोल्हापुरात मिशनच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची नर्स होते. तिथली एक रीत होती. भूल देण्याआधी नर्सनं पेशंटचा हात धरायचा आणि त्याचं नाव घेऊन मोठ्यानं प्रार्थना करायची. तोवर डॉक्टर सुरीला हात लावत नसत. पेशंट हिंदू असो, मुसलमान असो, कुणी कधी नको म्हटलं नाही. उलट घाबरलेल्या माणसाला तेवढाच धीर.

एका दुपारी तोच पुढारी टेबलावर आला. अपेंडिक्स फुटलेलं, अंगात ताप, तोंडाला कोरड. ज्याच्या जीपपुढं लोक हात जोडून उभे राहायचे, तो माणूस चादरीखाली एवढासा झाला होता. मी कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याचा हात धरला आणि शब्दच फुटेना. खरं सांगते, राग उफाळून आला. ह्याच्यासाठी मागू? ह्याच्यासाठी? डॉक्टरांना सगळं माहीत होतं. दुसरीला बोलावू का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी नको म्हटलं, का ते माझं मलाच कळलं नाही.

तेवढ्यात तोच बोलला. "पोरी, तुझा हात कापतोय की. माझ्यापरीस तूच जास्त भ्यालीस व्हय?"

त्यानं डोळे मिटले आणि पुटपुटला, पण मला स्पष्ट ऐकू आलं. "आई अंबाबाई, ह्या पोरीवर कसलं तरी संकट हाय. सांभाळ गं तिला."

झालं. माझं रडू मास्कमध्ये उतरलं. ज्याच्यासाठी मी एक शब्द मागायला तयार नव्हते, त्यानं मरणाच्या दारात पडून माझ्यासाठी मागितलं होतं, तेही न ओळखता. मग मी त्याचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. प्रभू, ह्यांना जगव, एवढंच म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही. शेवटी आमेन म्हणायचं हे त्याला कुठलं माहीत, तो "बरं" म्हणाला. डॉक्टरांनी भूल द्यायला सांगितली.

तो वाचला. घरी जाताना त्याच्या बायकोनं पेढे वाटले, मीही खाल्ला. अगं, त्याच्याकडं यजमानांसाठी एक शब्द टाक की, असं मैत्रिणी म्हणत होत्या. मी टाकला नाही. त्या दुपारच्या प्रार्थनेला मला सौदा चिकटवायचा नव्हता. हे सुटले ते आणीबाणी उठल्यावर, सगळ्यांबरोबर. ह्यात चमत्कार शोधायला मी गेले नाही. कुणासाठी मागायचं हे ठरवणं मी देवावर सोडलं आणि तेव्हापासून मला झोप लागायला लागली, इतकं मात्र खरं. देवाचे आभार मी रोज मानते.

हे घरी आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांनी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करायला मला उभं केलं. मी त्या पुढाऱ्याचंही नाव घेतलं. मंडळी आमेन म्हणाली. पुरुषांच्या बाजूला हे खाली मान घालून बसलेले, ओठ मिटलेले. आता उठून जातात की काय, असं मला वाटलं. पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगायला तोंड उघडलं, तेव्हा त्या बाजूनं एकट्या माणसाचं आमेन आलं.