टपावरची बॅग, खालची जागा

पात्रांवांनी दोन्ही बॅगा काउंटरवर पसरल्या होत्या आणि पडद्याकडे तोंड करून मला हाका मारत होते.

"सुनंदा, अगो भायर ये. तुझो भाव इलो."

मी उठले नाही. दुकानात गिऱ्हाईक असले की मी बाहेर जात नाही, मग ते भाऊ का असेना. बोलायचे ते पडद्याआडून बोलते. पात्रांव म्हणजे मालक. साखळीच्या बाजारात त्यांचे गाड्यांच्या सामानाचे दुकान आहे. पुढे काउंटर, मध्ये पडदा, पडद्यामागे मी आणि मशीन. सीट कव्हर शिवायची, ताडपत्रीला रिंगा मारायच्या, चेन बदलायची. पूर्वी खाणीच्या ट्रकांच्या ताडपत्र्याच जास्त असायच्या. आमचे वडील दोडामार्गहून इकडे आले ते त्या ट्रकांवरच कामाला. आता ट्रक कमी झाले आणि लोक फिरायला जायला लागले. म्हणून ह्या टपावरच्या बॅगा.

टपावरची बॅग म्हणजे गाडीच्या छतावर बांधायची मोठी मऊ पिशवी. पत्र्याची पेटी नव्हे. चारी बाजूंनी पट्टे, वर चेन, चेनवर झाकण. काम झाले की घडी करून कपाटात ठेवता येते. बॅगा तयार येतात, मी शिवत नाही. पण फाटलेल्या माझ्याकडे येतात, त्यामुळे कुठली कुठे फाटते ते मला ठाऊक असते. लोक कुठे जाऊन आले तेही कळते. चेनच्या दातांत समुद्राची वाळू असते, कधी काळी माती, कधी गवताची कुसळे. मी स्वतः बांद्याच्या पलीकडे गेलेले नाही.

"बाय, खंयची घेव?" सुदेशने विचारले. सुदेश माझा धाकटा भाऊ. कारापूरला आम्ही एकाच घरात राहतो. तो, त्याची बायको स्नेहा, दोन मुले आणि मी. माझे लग्न झाले नाही.

"माणसां किती?" मी विचारले.

हा प्रश्न मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारते. छोट्या गाडीत चार माणसे असली तर मागच्या सीटवर एकदोन पिशव्या मावतात. पाचवे माणूस बसले की ती जागा जाते, आणि त्या पिशव्या वर न्याव्या लागतात. म्हणजे खरे बघितले तर टपावरची बॅग पाचव्या माणसासाठीच असते.

"पाच," सुदेश म्हणाला. "कोल्हापूर. देवीचां दर्शन, मगे महाबळेश्वर."

पडद्यामागे माझे हात थांबले. तो, स्नेहा, दोन मुले. चार. पाचवी कोण ते मी विचारले नाही. मला वाटले ते विचारायचे कशाला.

सुदेश लहान असताना तापाने डोळे उघडत नव्हता. तेव्हा आई अंबाबाईला बोलली होती, पोर उठले तर माझ्या लेकीच्या हातून तुझी ओटी भरीन. पोर उठले. जाणे काही झाले नाही. आधी गाडी नव्हती. गाडी आली तेव्हा सवड नव्हती. मरण्याआधी आई मला म्हणाली होती, तेवढे राहिले गो.

"ही बघ, हेच्यार फोटो केवढो बरो आसा," सुदेशने चकचकीत बॅग उचलली. बर्फाचा डोंगर आणि लाल गाडी असलेला फोटो होता.

"फोटो टपार बांधूचो आसा काय?" मी म्हणाले.

पात्रांव मोठ्याने हसले. मग त्यांच्या लक्षात आले की ती बॅग बरेच दिवस पडून आहे आणि आजच खपायची होती. ते हसायचे थांबले.

मी सुदेशला सांगितले, दोन्ही बॅगा उलट्या कर. चकचकीत बॅग शिवलेली होती. शिवण म्हणजे सुईची भोके, आणि पाणी कापडातून नाही, भोकातून जाते. दुसरी साधी काळी होती, तिचे जोड तापवून चिकटवलेले. शिवाय चेनवरचे झाकण रुंद होते. ते रुंद लागते, कारण गाडी धावताना पाऊस वरून पडत नाही, समोरून येऊन आत घुसतो. पट्टे कुठे जोडलेत तेही बघायचे. वरवर शिवलेला पट्टा घाटात उखडतो. बॅगेच्या पोटाखालून गेलेला पट्टा टिकतो.

"आणि खूप मोठी घेव नको," मी म्हणाले. "अर्धी रिकामी रवली तर वाऱ्यान फडफडता नि फाटता. गच्च भरता येय तेवढीच."

सुदेशने काळी घेतली. तो गेल्यावर पात्रांव पडद्यापाशी आले.

"भावाक सांगताना दुकान माझां ता इसारलंस काय गो?"

मी खाली बघून चेन लावत राहिले. मग म्हणाले, "शेट, दिवाळीच्या सुटीत माका रजा होयी. कोल्हापूराक जातंय."

"तू?" पात्रांव म्हणाले. मग म्हणाले, "जा. बरां जाला. येताना माका चिवडो हाड."

बॅग मी घरच्या नळाखाली धरून बघितली. आत वर्तमानपत्र पसरले, चेन लावली, पाणी सोडले. कागद कोरडा निघाला. स्नेहाने विचारले, "एवढां कित्याक?" मी म्हटले, घाटात पाऊस लागला तर. घरात मला कोणी ये म्हटले नव्हते, आणि येऊ नको असेही कोणी म्हटले नव्हते. मी साडीला इस्त्री केली. खण, तांदूळ, सुपारी, हळदकुंकू आणि नारळ एका पिवळ्या फडक्यात बांधले. ओटी खाली ठेवत नाहीत. ती मी मांडीवर घेऊन जाणार होते.

निघायच्या सकाळी बॅग मीच भरली. जड सामान गाडीच्या डिकीत, हलके वर. टप जड झाला की गाडी वळणावर कलते. वर कपडे, चादरी, मुलांचे स्वेटर. तळाला माझी कापडी पिशवी, दोन साड्यांची. मग स्टुलावर चढून पट्टे आवळले. पट्ट्याला एक पीळ द्यायचा असतो. सपाट ठेवला तर गाडी वेगात गेली की तो भोंग्यासारखा वाजतो.

शेवटचा पट्टा हातात होता तेव्हा अंगणात स्कूटर आली. स्नेहाचा भाऊ रूपेश. पाठीला बॅग, डोळ्यांना काळा चष्मा.

"जाली काय तयारी, ड्रायव्हरसाहेब?" रूपेशने विचारले.

"तुझीच वाट बघतंव," सुदेश म्हणाला. "घाटात तू घे. माझो पाय दुखता."

मी स्टुलावरून विचारले, "हो रूपेश पण येता?"

सुदेशने वर बघितले. माझी इस्त्रीची साडी बघितली. त्याला तेव्हाच कळले असावे, पण आता बोलणे भाग होते.

"अगो, लांबचो पल्लो. बदली ड्रायव्हर होयोच. तुका काय स्टेअरिंग धरूक येता?"

रूपेश हसला. स्नेहा गाडीत मुलाच्या बुटांचे बंद बांधत होती. तिने मान वर केली नाही.

"मी पोरांमधी दाटून बसतंय," मी म्हणाले.

"सा जणां? पोलीस धरतले. फुडच्या खेपेक तू पयली."

मी पट्टा बांधला. पीळ द्यायला विसरले नाही.

मग आठवले की माझी पिशवी बॅगेच्या तळाला आहे. ती काढायची तर सगळे उपसायला हवे होते. आणि काढली असती तर बॅग ढिली पडली असती. ढिली बॅग फडफडते, हे मीच सांगितले होते. मी म्हटले, राहू दे. माझ्या साड्या कोल्हापूरला गेल्या.

ओटी माझ्या हातात होती. मी ती स्नेहापुढे धरली. "तू भर गो. आईची नवसाची बोलणी आसा."

"दी माका," स्नेहा म्हणाली. मग तिने इकडे तिकडे बघितले. मांडीवर धाकटा होता. खाली पायांशी ओटी ठेवता येत नाही. "वर घाल बाय. थंय बरी रवतली."

मी परत स्टुलावर चढले, चेन उघडली आणि पुढच्या कोपऱ्यात चादरीला टेकवून ओटी ठेवली. "फुडच्या कोपऱ्यात आसा हां," मी म्हणाले.

"होय गो, होय," स्नेहा म्हणाली.

गाडी गेली. मी साडी बदलली आणि दुकानात गेले. पात्रांवांनी घड्याळ बघितले, मग मला.

"गेलंस नाय?"

"नाय."

"बॅग गेली?"

"बॅग गेली."

त्यांनी एक सीट कव्हर माझ्याकडे सरकवले. चिवड्याचे परत कधी बोलले नाहीत.

ती मंडळी परत आली तेव्हा मुलांची गालफडे उन्हाने काळवंडली होती. घाटात धो धो पाऊस लागल्याचे सुदेश सांगत होता. माझी पिशवी मला मिळाली, इस्त्रीची घडी न मोडता. स्नेहाने कुंकवाची पुडी हातावर ठेवली.

"ओटी भरली हां बाय. गर्दी खूप होती, पण बरां दर्शन जाला. देवीक हिरवी साडी होती."

मी पुडी आईच्या फोटोपुढे ठेवली. आईला सांगितले, झाले गो.

काही दिवसांनी सुदेश बॅग घेऊन दुकानात आला. घडी न करता नुसती गुंडाळून डिकीत टाकलेली. चेन अडकत होती. तो काउंटरशी पात्रांवांना महाबळेश्वरचे फोटो दाखवत उभा राहिला. मी बॅग आत घेतली आणि उघडली. मुलाची एक चप्पल निघाली, मग एक रॅकेट. चेनच्या दातांत लाल माती होती. ती मी ब्रशने काढली. चेन पुढच्या टोकापाशी अडत होती, म्हणून कोपऱ्यात हात घातला.

पिवळे फडके तसेच होते. गाठ मी मारलेली, तशीच.

मी ते सोडले. खण, सुपारी, नारळ. तांदळात बोटे घातली. दाणा न् दाणा सुटा होता. कुंकूसुद्धा ओघळले नव्हते.

सुदेशने पडदा बाजूला करून आत डोकावले. "भितर पाणी गेलां काय गो? पाऊस मरणाचो होतो."

"नाय," मी म्हणाले. "तांदूळ सुके आसत."

त्याने माझ्या मांडीवरचे फडके बघितले. बाहेर पात्रांव हसत काहीतरी विचारत होते. तो चेनकडे बघायला लागला.

"चेन जाली?"

"जाली."

तो बॅग घेऊन गेला. घरी तो विषय निघाला नाही. मी काढला नाही, त्याने काढला नाही. स्नेहाला त्याने सांगितले की नाही, ठाऊक नाही. कुंकवाची पुडी मी आईच्या फोटोपुढून उचलली. ती देवळातली नव्हती, कुठल्या दुकानातली ते पुडीवर छापलेलेच होते, मी आधी वाचले नव्हते.

बॅग चांगली निघाली. त्यानंतर पात्रांवांनी तसल्याच काळ्या बॅगा मागवल्या. त्या खपतातही. गिऱ्हाइकाला मी अजून आधी माणसे किती तेच विचारते. मग कोण कोण तेही विचारते. पात्रांव म्हणतात, तुका काय करूचां आसा? मी सांगते, मोजमापासाठी लागते. आणि बॅग रिकामी केल्यावर पुढच्या कोपऱ्यात हात घालून बघा, हेही सांगते. मऊ बॅगेत कोपरे दिसत नाहीत.

नारळ मशीनच्या वरच्या फळीवर आहे. देवीच्या नावाचा म्हणून फोडता येत नाही. मधूनमधून कानाशी धरून हलवते. आता आत पाणी वाजत नाही.