मामांची स्टँडबाय बटणं

माझ्या बायकोच्या मामांइतका माऊसचा राग करणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडणार नाही. घरी कॉम्प्युटर आला त्याच दिवशी त्यांनी माऊसची वायर काढली, नीट गुंडाळली आणि तो मामींच्या शिवणाच्या डब्यात ठेवून दिला. अजून तिथेच आहे, दोऱ्याच्या रिळांशेजारी. "आधी बाण शोधा, मग त्याच्या मागून फिरा. कशास हो?" असं त्यांचं म्हणणं. मामांची सगळी नोकरी पोफळीला पॉवरहाऊसच्या कंट्रोल रूममध्ये गेली. तिथे प्रत्येक कामाला बटण आणि प्रत्येक बटणाला ठरलेली जागा. फायली सांभाळायच्या प्रोग्रॅममध्ये हवं ते बटण हव्या त्या कामाला नेमता येतं, हे कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं आणि तिथून माझ्या रविवारांची वाट लागली. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो, एवढाच माझा गुन्हा.

पॉवरहाऊसचा एक नियम मामांनी घरातही आणला होता. काम करणाऱ्याने काय करतोय ते आधी मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं, मगच हात लावायचा आणि झालं की कळवायचं. घरात दुसरा माणूस म्हणजे मामी. "एफ सात, नवीन फोल्डर," असं मामा बाहेरच्या खोलीतून पुकारत आणि मामी स्वयंपाकघरातून खोबरं किसता किसता "एफ सात, नवीन फोल्डर" म्हणत. एकदा त्या शेजारणीशी बोलण्यात रंगल्या, तर मामा बटणावर बोट टेकवून चांगली दहा मिनिटं बसून राहिले. समोरचा चहा गार झाला, पण बोट हललं नाही. "माझ्या नशिबी हेच उरलंय," मामी म्हणाल्या, आणि मग मुकाट्याने एफ सात म्हणाल्या.

या फायली म्हणजे गणपतीतल्या आरत्या. आमच्या आळीत प्रत्येक घराची आरतीची तऱ्हा वेगळी. मामांनी वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन त्या रेकॉर्ड केल्या. त्यात माझ्या सासऱ्यांची आरतीही आहे. सासरे आता नाहीत, पण ती बेसूर आरती आहे. एका घराचं एक फोल्डर आणि एका फोल्डरचं एक बटण, अशी सगळी व्यवस्था मामांनी लावली आणि एके दिवशी मला फोन आला, "जावईबापू, बटणं फिरलीत."

खरोखरच फिरली होती. सासऱ्यांच्या आरतीचं बटण दाबलं की कॉम्प्युटर फायलीचं नाव बदलायला निघे. ते मी दुरुस्त केलं, तर दुसऱ्या एका घराची आरती मुकी झाली. ती सुरू केली, तर आणखी दोन बटणं गेली. प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला, मामांनी त्यांच्या वहीत बघून सगळी बटणं पुन्हा नेमली आणि सगळं पुन्हा तसंच. तीन रविवार असे गेले. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. वैतागून मी शिवणाच्या डब्याचा विषय काढला, तर मामा जेवणाचं पान मांडेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

चौथ्या रविवारी मी ती वहीच मागून घेतली. प्रत्येक कामाला दोन बटणं होती. "दुसरं स्टँडबाय," मामा म्हणाले. "एक मशीन बसलं तर दुसरं तयार हवं." पुढे बटणं संपली, तेव्हा त्यांनी एकाचं स्टँडबाय म्हणून दुसऱ्याचं मुख्य बटण घेतलं होतं. एका बटणाला दोन हुकूम, मग प्रोग्रॅम बिचारा ऐकणार कुणाचं?

"मामा, स्टँडबाय काढून टाकू. बटण काय जळणार आहे?"

"बटणाचं नव्हे हो," एवढंच ते म्हणाले.

मामींनी मला मागच्या पडवीत बोलावलं. "काचबिंदू आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "डावा डोळा गेलाच. उजवाही जातोय, औषधाने जरा थांबलाय इतकंच. बाण दिसत नाही हो त्यांना. डोळे मिटून बोटांना शिकवत बसतात. एक जागा चुकली तर दुसरी सापडावी म्हणून ती दोन-दोन बटणं. कोणास सांगू नका म्हणालेत."

चार रविवार मी या माणसावर चिडलो होतो, याची मला फार लाज वाटली. परत जाऊन बसलो आणि दोन-तीन बटणं एकत्र दाबायची अशा जोड्या लावून प्रत्येक कामाला त्याचं स्वतःचं स्टँडबाय दिलं. तिन्हीसांजेपर्यंत चालेलसं वाटलेलं काम दुपारी तीनलाच संपलं. मामांनी बोटांनी जागा चाचपली.

"कंट्रोल शिफ्ट चार, तुमच्या सासऱ्यांची आरती."

"कंट्रोल शिफ्ट चार, सासऱ्यांची आरती," मी म्हणालो.

सासरे बेसूर गाऊ लागले. आरती संपेपर्यंत मामा ऐकत राहिले. मग म्हणाले, "अंधारून आलं काय हो? ती खिडकी उघडा जरा."

खिडकी सताड उघडी होती. बाहेर मिरकरवाड्याच्या बाजूला ऊन रणरणत होतं. मी उठलो.

"खिडकी उघडतोय," मी म्हणालो.

"खिडकी उघडा," मामांनी नियमाप्रमाणे म्हटलं.

मी ती आवाज न करता लावली आणि कडी वाजेल अशी पुन्हा उघडली.

"उघडली."

"हां," मामा म्हणाले. "आता बरं आहे."