सासूबाईंची पट्टी

लग्न होऊन पवनीजवळच्या गावी आले तेव्हा माहेरच्या कपाटासोबत माझी पेटीही आली. भंडाऱ्याला शाळेत असताना मी संगीत शिकले होते. सासूबाईंना कपाटापेक्षा पेटीचंच अप्रूप. त्या गावच्या महिला भजन मंडळात गायच्या. आवाज असा खणखणीत की धानाच्या एका बांधीत गायल्या तर चार बांध्यांपलीकडची रोवणारी बाई ओळ पुढे उचलायची. पण साथ करणारे म्हातारे पेटीवाले मुलाकडे नागपूरला राहायला गेले आणि मंडळ थंडावलं होतं. सून पेटी वाजवते म्हटल्यावर ते पुन्हा सुरू झालं.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. सासूबाई मनाला येईल त्या सुरात भजन उचलायच्या. मी चाचपडत सूर शोधेपर्यंत कडवं संपलेलं असायचं, आणि पुढचं भजन त्याहून वरून. बायका माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघत होत्या. घरी येताना मी हळूच म्हटलं, "आई, तुमची पट्टी ठरवून घेऊ या. 'सा' एकाच जागी ठेवायचा. काळी चार तुम्हाला बरोबर बसते."

"मी कायले पेटीच्या मांगं जाऊ?" त्या म्हणाल्या. "पेटीनं माया मांगं यावं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्या आपणहून पेटीजवळ येऊन बसल्या. मी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, दाबून धरली आणि त्यांना नुसता 'सा' लावायला सांगितलं. आवाज आधी वर गेला, मग खाली आला, आणि एका क्षणी सुराला असा चिकटला की पेटी कुठली आणि गळा कुठला ते कळेना. त्या थांबल्या. पुन्हा लावून पाहिला. आयुष्यभर गात आलेल्या बाईला आपला आवाज कुठे टेकतो ते पहिल्यांदा कळलं होतं. मग त्या म्हणाल्या, "मले शिकव. पेटी तुयी, हात माये."

सासूला शिकवणं सोपं नसतं. चूक दाखवायची तीही अदबीनं. धानाच्या कामानं बोटं ताठ झालेली. एक बोट उचललं की शेजारचं सोबत उठायचं. भाता ओढण्याकडे लक्ष दिलं की उजवा हात थांबायचा. मी त्यांच्या मोबाईलमध्ये तानपुरा टाकून दिला, तर तो लावूनच त्या भाकरी थापायच्या. शेजारणीनं एकदा विचारलं की मोबाईलात माश्या शिरल्या काय. एका दुपारी सवयीनं माझ्या संगीताच्या बाईंच्या सुरात मी ओरडले, "पुन्हा!" ओरडल्यावर लक्षात आलं, समोर सासूबाई आहेत. पण त्यांनी पाठ ताठ केली आणि पुन्हा वाजवलं. धडा संपल्यावर उठता उठता सांगितलं की आज वरणात मीठ नाही.

रोवणीत शिकणं बंद पडलं, धान घरी आल्यावर पुन्हा सुरू झालं. संगीताची पहिली परीक्षा द्यायची हे त्यांनीच ठरवलं. माझे यजमान आधी हसले, आणि मग स्वतःच आम्हाला भंडाऱ्याला घेऊन गेले. केंद्रावर सगळ्या दोन वेण्यांच्या मुली. त्यांच्यामध्ये सासूबाई नवं लुगडं नेसून, पदर खोचून बसल्या. त्यांचा नंबर आला तेव्हा मी दाराशी उभी राहिले.

भूप रागाचा आरोह-अवरोह नीट गेला. पुढे सरगम वाजवताना लय सुटली, ती त्यांनी कशीबशी धरली. परीक्षक माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी भूपातले वर्ज्य स्वर विचारले. तो शब्द सासूबाई साफ विसरल्या होत्या. मला दारातून काही बोलता येईना. परीक्षकांनी सोपं करून विचारलं, या रागात कोणते स्वर येत नाहीत?

"म आनि नी," सासूबाई म्हणाल्या. "त्यायले घरीच ठेवून आली, बाई."

परीक्षक हसल्या. या वयात परीक्षा कशाला, असं त्यांनी आपुलकीनं विचारलं, तेव्हा सासूबाईंनी भजन मंडळाची सगळी हकीकत सांगितली. मग एखादं भजन म्हणा म्हटल्यावर त्यांनी स्वतःच पेटीवर काळी चार दाबली, सूर घेतला आणि गायल्या. बाहेरच्या मुलींची कुजबुज थांबली. माझे डोळे भरून आले. ते त्यांना दिसू नयेत म्हणून मी जिन्याकडे तोंड केलं.

त्या पास झाल्या. गाणं आणि वाजवणं दोन्ही एकदम त्यांना अजून जमत नाही. गायला लागल्या की भाता विसरतात. त्यामुळे मंडळात पेटी माझ्याकडे आणि गाणं त्यांच्याकडे, असंच ठरलं आहे. पण आता मंडळातल्या दोघी दुपारी आमच्या ओसरीवर शिकायला येतात, त्या सासूबाईंकडे. सासूबाई माझ्यापेक्षा कितीतरी जास्त रागावतात. मी आत तांदूळ निवडत ऐकत असते. कधी एखादा सूर चुकीचा शिकवला जातो, पण मी उठत नाही. थोड्या वेळानं त्या आपणच थांबतात, तोच सूर पुन्हा दाबून बघतात आणि दोघींना म्हणतात, "थांबा गं, माया चुकला."