मिशी आधी गळाली की लग्न आधी झालं

जुन्या जालन्यात जुन्या बोलपटांवरून वाद झाला की लोक महेमूद टेलरकडं जायचे, माझ्याकडं न्हाई. मला त्याचा राग होता, उगं लपवू कशाला? त्याच्या दुकानाला खेटून माझं कापडाचं दुकान. सिनेमा नुकता बोलायला लागला त्या काळातली, आमच्या लहानपणीच जुनी झालेली विनोदी चित्रं आम्ही दोघांनी तंबूत संगंच पाह्यलेली. पण कोण कोणत्या पायरीवर घसरला, कुणाच्या धोतराचा सोगा कुठं अडकला, हे त्याला तोंडपाठ.

त्याचं लाडकं चित्र एकच. नकली मिशी लावून एक न्हावी जमीनदार बनतो अन् पोरगी मागायला जातो. ताकाच्या पेल्यात मिशी गळून पडते. तरी पुढं त्याचं लग्न लागतं. "राधेश्याम, बापाला सगळं समजलं होतं, तरी पोरगी दिली. काय दिलदार माणूस," असं मला म्हणून महेमूदभाई डोळे पुसायचा.

मागच्या महिन्यात संभाजीनगरहून जुन्या सिनेमाच्या नादाची पोरं आली, त्याची मुलाखत घ्यायला. त्यानं नवा कुर्ता शिवला, गल्लीभर सांगून आला. मला कोण विचारतो? मंग मीच खुर्ची ओढून बसलो. तो सांगत सांगत मिशीपाशी आला अन् मी फोन पुढं केला. त्यात ते चित्र आख्खं होतं. आधी लग्न, मंग मिशी गळते, अन् सासरा काठी घेऊन जावयाच्या मागं लागतो. पोरं पोट धरून हसली. "आजोबा, तुम्ही तर सगळं उलटंच सांगून राह्यले."

आमच्या तंबूत रिळांच्या डब्यांवर नंबर चुकीचे होते, म्हणून तिथं ते चित्र कायम महेमूदभाई सांगतो तसंच दिसलं. ऑपरेटरनंच मला सांगितलं होतं. एवढं बोललो असतो तर भागलं असतं. पण मी म्हणलो, "वय झालं हो त्याचं. विसरतो माणूस." पोरांनी कॅमेरा गुंडाळला.

तवापासून महेमूदभाई एकेक माप तीनतीनदा घेऊ लागला. सिनेमाचं नाव काढलं की म्हणायचा, आपल्याला बराबर याद न्हाई.

परवा तो माझ्या दुकानात आला. खाली बसला न्हाई.

"आमचा पोरगा अबुबकर दवाखान्यात वारला, तवा त्याचा हात माझ्या हातात होता का रे? जन्नतबी म्हणते, होता. पण बायकोच ती, माझं मन राखत असंल. तू होतास तिथं."

होता. पोराचा हात गार पडला तरी बाप सोडंना. मीच एकेक बोट सोडवलं होतं.

पण होता म्हणलं असतं, तर तंबूत मिशी आधी गळाली की लग्न आधी झालं, हा पुढचा सवाल आला असता.

"लई वर्षं झाली," मी म्हणलो. "मला न्हाई आठवत."

"म्हंजे नसंलच," तो म्हणाला अन् पायऱ्या उतरून गेला.