थरांच्या मधे काय होतं

माझी नात पुण्याला कॉलेजात शिकते. गेल्या सुट्टीत ती येडगावला आली ती दोन बरण्या घेऊन. दोन्हींत सारखीच पांढरी भुकटी. एकीत साधी, दुसरीतल्या भुकटीत तणनाशक भरलेलं. ओळखायला झाकणांवर एक आणि दोन असे आकडे. उसाच्या सरीत दोन्ही टाकून तण किती दिवस दबतं ते तिला बघायचं होतं.

मी भाकरी करत होते आणि ती शेजारी बसून सांगत होती. हे थरांचं खनिज. मॅग्नेशियमचे पातळ थर, भाकरीच्या चळतीसारखे. थरात मधेमधे मॅग्नेशियमच्या जागी ॲल्युमिनियम बसतं, त्यामुळे थराला बॅटरीच्या अधिक टोकासारखा भार येतो. तो भागवायला उणे भाराचं काहीतरी दोन थरांच्या मधे पाण्यासकट येऊन बसतं. मधलं बदलता येतं, थर तेच राहतात. साध्या भुकटीत मधे कार्बोनेट होतं, खायच्या सोड्यात असतं त्याच जातीचं; दुसरीत त्याच्या जागी तणनाशक. एवढ्यातलं एकच मी नीट धरून ठेवलं. तुझ्या जळजळीच्या औषधातही हीच साधी भुकटी असते, ती म्हणाली. पोटातल्या आंबटात थर विरघळतात आणि आंबट मरतं.

तिसऱ्या दिवशी जेवल्यावर माझी छाती जळायला लागली. औषधाची बाटली संपलेली. मी साध्या भुकटीची बरणी काढली आणि चमचाभर पाण्यात कालवून प्यायले. नात शेतातून आल्यावर तिला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. कोणती बरणी, तिनं विचारलं. झाकणावर एकचा आकडा असलेली, मी म्हणाले, आणि म्हणताना माझं मलाच आठवलं. आदल्या दिवशी दोन्ही झाकणं धुऊन मी उन्हात वाळवली होती आणि हाताला आली तशी लावली होती. बरणीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"पोटात थर विरघळले आसतील का गं?"

तिनं दोन्ही बरण्या ओढून समोर घेतल्या.

थर विरघळले तर मधलं तणनाशक पोटात सुटणार, एवढं मला कळत होतं. तणनाशक पिऊन गेलेली माणसं मी पाहिली आहेत. मरणाची भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. म्हातारी तणनाशकानं मेली तर चुकून मेली असं कोणी म्हणत नाही. सुनेनं छळलं म्हणतात. माझं नि माझ्या सुनेचं पटत नाही हे अख्ख्या आळीला ठाऊक, आम्ही भांडतोच मोठ्यानं. पोलीस तिच्याच दारात आले असते.

नातीनं सुनेला गाडी काढायला सांगितलं आणि तोवर लिंबू कापलं. कार्बोनेट असेल तर फसफसेल, तणनाशक असेल तर नाही, म्हणाली. आधी दुसऱ्या बरणीतल्या चिमटीवर पिळलं. काही नाही, नुसता लगदा झाला. मग माझ्या बरणीतली चिमूट. आम्ही तिघी बशीवर वाकलो. बराच वेळ काही दिसेना. मग कडेनं बारीक बुडबुडे उठले. नात रडायला लागली, पण थोडं तणनाशक मिसळलेलं असलं तर, म्हणून दवाखाना तिनं सोडला नाही.

सुनेनं मला स्कूटीवर मधे बसवलं, नात मागे बसली. "आत्याबाई, घट धरा. पडलात तर तेबी माझ्याच नावावर येईल."

शेजारच्या आळे गावातल्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं, तपासलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. मी दर थोड्या वेळानं आपली बोटं हलवून बघत होते. दिवे लागले तेव्हा ते म्हणाले, काही नाही, घरी जा.

"एक लिहून द्या," मी म्हणाले. "म्हातारीनं चुकून खाल्लं, कुणाचा दोष न्हाई."

आता त्याची गरज नाही, ते म्हणाले.

"घरी गेल्यावर काय झालं तर?"

त्यांनी लिहिलं. नातीकडून मी ते दोनदा वाचून घेतलं आणि कागद सुनेच्या हातात दिला. तिनं तो पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली.